संप बांधताना आधी पाण्याचा हिशेब

प्रवाळाची टाकी घरात ठेवायची, तर खालच्या कपाटात संप हवा, हे सगळेच सांगतात. कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, ‘फिल्टर म्हणून’. पहिला गैरसमज इथेच आहे. संप ही नुसती दुसरी टाकी. ती स्वतः काहीच गाळत नाही. ते काम तिच्यात ठेवलेला प्रोटीन स्किमर, सच्छिद्र दगड आणि शेवाळाचा कप्पा करतात. संपची स्वतःची कामं वेगळी आहेत: एकूण पाणी वाढवणं, वरच्या टाकीची पातळी स्थिर राखणं आणि पाण्यावर साचणारा तेलकट थर ओव्हरफ्लोवाटे, म्हणजे टाकीच्या काठावरून पाणी उतरणाऱ्या वाटेने, खाली घेणं. म्हणून उपकरणांची यादी करण्याआधी कोणत्या वेळी कुठे किती पाणी असेल, हे मांडायला हवं.

‘वरच्या टाकीच्या मानाने संप लहान असला तरी चालतो’, ही समजूत सगळ्यात महागात पडते. लाईट गेली की संपमधलं पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप थांबतो, पण पाणी लगेच थांबत नाही. ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचं पाणी खाली उतरतं. रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली असेल, तर तोच पाइप सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी ओढत राहतो. १२० बाय ६० सेंटीमीटरच्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ७.२ लिटर. तोंड ५ सेंटीमीटर खोल असेल तर ३६ लिटर खाली येणार, १० असेल तर ७२. खाली ९० बाय ४५ चा संप असेल, तर ३६ लिटरसाठी सुमारे ९ सेंटीमीटर मोकळी जागा लागते आणि ७२ साठी १८. पाइपांत उरलेलं पाणी याशिवाय.

यावर ‘एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवला की झालं’ असं सांगितलं जातं. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याची पुटं चढतात, कधी एखादी गोगलगाय अडकते आणि झडप पुरती मिटत नाही. भरवसा ठेवायचा तो पाइपच्या तोंडाच्या उंचीवर. हवा शिरून सायफन तुटावा म्हणून पाइपला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक पाडतात, तेही शेवाळाने बुजतं. ते वरचेवर साफ करावं लागतं. मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर सगळं चालवून बटण बंद करून पाहावं आणि संपमध्ये चालू असताना पाणी जास्तीत जास्त कुठवर असावं, ती रेघ काचेवर मार्करने आखावी.

उलटा धोकाही आहे. ओव्हरफ्लो तुंबला तर पंप रिटर्न कप्प्यातलं सगळं पाणी वर चढवतो. कप्पा २५ बाय ४५ चा आणि त्यात २० सेंटीमीटर पाणी असेल, तर ते साडेबावीस लिटर झालं, म्हणजे वर तीन सेंटीमीटरहून थोडं जास्त. वरच्या टाकीच्या काठाला तेवढी जागा हवीच.

‘पंप जितका दांडगा, तितकं पाणी स्वच्छ’, हेही खरं नाही. स्किमर त्याच्या गतीनेच पाणी घेतो. जादा प्रवाहाने फक्त आवाज आणि बुडबुडे वाढतात. तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं की पुरतं. प्रवाळाला लागणारी जोरदार हालचाल टाकीतल्या वेव्हमेकरने द्यायची. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढ आणि चार एल्बो आले की तो बराच उतरतो.

बाष्पीभवनाने पातळी घटते ती फक्त रिटर्न कप्प्यात, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. घटलेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरून काढणं ही सर्रास होणारी चूक. मीठ उडून जात नाही, ते मागे राहतं. म्हणून भर घालायची ती आरओ-डीआयच्या गोड्या पाण्याची. वरच्या २५ बाय ४५ च्या कप्प्यात रोज चार लिटर उडालं तर पातळी साडेतीन सेंटीमीटर उतरते आणि पंप हवा ओढू लागतो. आपोआप पाणी भरणारा फ्लोट इथे चैनीची वस्तू उरत नाही. पंख्याने संप गार ठेवण्याचा उपाय मुंबईच्या दमट हवेत फार साथ देत नाही, कारण तिथे बाष्पीभवनच मंदावतं. २४ ते २७ अंश राखायला मे महिन्यात बहुधा चिलरच लागतो.

बायोबॉल, म्हणजे जिवाणू बसण्यासाठी फिल्टरमध्ये घालायचे प्लास्टिकचे गोळे, नायट्रेट ‘तयार करतात’ असं म्हणतात. नायट्रेट कुठल्याही निरोगी जिवाणू-फिल्टरमध्ये होतंच. अमोनियाचा तो शेवटचा टप्पा आहे. अडचण ही की बायोबॉलमध्ये गाळ अडकून कुजतो, आणि नायट्रेट संपवणाऱ्या जिवाणूंना लागणारी कमी प्राणवायूची जागा तिथे नसते. ती सच्छिद्र दगडाच्या पोटात असते. न धुतलेली फिल्टरची पिशवीही बायोबॉलइतकीच घातक. ती दर तीन-चार दिवसांनी बदलायची.

मग दगड कुठून आणायचा? ‘मालवणच्या किनाऱ्यावर पडलेले तुकडे उचलले तर काय बिघडलं’, हा गैरसमज तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ येतात आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यातून सुटत नाही. सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे बाजारात मिळतात. त्यांवर जिवाणू बसायला काही आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय टाकीत एकही मासा सोडायचा नाही.