या भाऊ, आठे बठा

रविवार, सकाळचे साडेनऊ. साक्रीत महामार्ग सोडून आत वळल्यावर ट्रकांचा आवाज मागे पडतो आणि पेटीचे सूर ऐकू येऊ लागतात. चर्च म्हणजे चुना दिलेली एक लांबट खोली. वर पत्रे, दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात काढलेला क्रूस. नोव्हेंबर संपत आलाय. दाराशी केळीचे खांब बांधलेत, चौकटीला झेंडूची माळ आहे आणि माळेत मधूनमधून भाताच्या लोंब्या ओवल्या आहेत. आज हंगामाची उपासना. पीक घरात आलं की त्यातला वाटा देवापुढे आणून ठेवायचा हा दिवस.

मी या मंडळीचा सभासद नाही, ख्रिस्तीही नाही. ओळखीच्या एका शिक्षकांनी "एकदा या" म्हटलं म्हणून आलोय. दारात उभा राहून कुठे बसावं याचा अंदाज घेतोय, तेवढ्यात एक वयस्क काका उठून येतात. "या भाऊ, आठे बठा." आपली चटई ते अर्धी मोकळी करतात. चपला बाहेर काढायच्या हे दारातली रांगच सांगते. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, बायकांच्या डोक्यावर पदर. माझं आडनाव कोणी विचारत नाही, धर्म तर नाहीच नाही. विचारतात ते खानदेशात कोणीही कोणाला विचारतं तेच: "कोनता गावना शेतस?" मी गाव सांगतो. काका मान डोलावतात आणि हातातलं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक माझ्यापुढे धरतात, पान उघडून, चालू ओळीवर बोट ठेवून.

पुस्तकाचे कोपरे गोल झिजलेत. पुठ्ठा निघाला म्हणून त्याला सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं कव्हर घातलंय. आत कवी ना. वा. टिळकांची पदं पानापानावर भेटतात. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि 1919 मध्ये देह ठेवेपर्यंत ते ख्रिस्ताला अभंगात, भजनात गात राहिले. त्या कामाचं मोल इथे, चटईवर बसून कळतं. ढोलक आणि झांज सुरू होते, चाल ओळखीची लागते, आणि हरिपाठ ऐकत वाढलेल्या माणसाला ताल धरायला कोणी शिकवावं लागत नाही. माईक मात्र या खोलीच्या मानाने फार मोठा लावलाय. तो नसता तर गाणं अजून गोड लागलं असतं. दुसरं गीत मुली कोकणीत म्हणतात. ही किनाऱ्यावरची कोकणी नव्हे, साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या कोकणी आदिवासींची बोली. शब्द मला अर्धेच कळतात. शेजारचे काका अहिराणीत त्याचा अर्थ कानात सांगतात.

मग पाळकसाहेब विचारतात, "आज आपल्यात कोणी नवीन आलंय का? संकोच वाटत असेल तर बसून राहा, आम्ही बसल्या जागीच नमस्कार करू." मी उभा राहतो. सगळी खोली मागे वळून हात जोडते. एक लहान मुलगी झेंडूचं फूल आणून देते आणि पळून जाते. एवढंच. भाषण नाही, ओळख करून देण्याचा आग्रह नाही.

पुढे प्रार्थना. पहिल्यांदा येणाऱ्याला गांगरायला होईल असा भाग हाच, कारण सगळे एकदमच, ज्याच्या त्याच्या शब्दांत, मोठ्याने बोलू लागतात. कोणी अहिराणीत, कोणी कोकणीत, कोणी पुस्तकी मराठीत. समोरच्या तरुणाचे डोळे गच्च मिटलेले, ओठ भराभर हलताहेत. मी काय करायचं? काहीच नाही. डोळे मिटले तरी चालतं, उघडे ठेवले तरी चालतं. थोड्या वेळाने आवाज आपोआप खाली येतात आणि पाळक एकेक नाव घेऊन प्रार्थना करतात. एक आजी चिंचपाड्याच्या दवाखान्यात आहेत, त्यांच्यासाठी. एका पोराची पोलीस भरती आहे, त्याच्यासाठी.

चिंचपाड्याचं नाव निघालं की या मंडळ्यांचा पूर्वेतिहास डोळ्यांपुढे येतो. फ्रेड्रिक फ्रॅन्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या धर्मप्रचारकाने 1890 मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन उभं केलं, आणि त्या मिशनची माणसं पुढे खानदेशात येऊन राहिली. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल याच परंपरेतलं, 1942 चं. ते आजही चालू आहे, आणि त्याच्या दारात रुग्णाचा धर्म पाहिला जात नाही. गोरे पाहुणे केव्हाच परतले. आज इथे उपासना चालवणारे, पेटी वाजवणारे, हिशेब ठेवणारे सगळे याच मातीतले आहेत.

दानाची थैली फिरते. मी खिशात हात घालतो, तर काका हळूच म्हणतात, "तुम्हीन पाव्हना शेतस. सक्ती नही." दिलं तर आनंद, नाही दिलं तरी थैली तितक्याच सहज पुढे सरकते. आज प्रभुभोजन नाही. ते ज्या रविवारी असतं त्या दिवशी गेलात तर लक्षात ठेवा: भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. बाकीच्यांनी जागेवर शांत बसावं. त्यात कोणाचाही अपमान नसतो, ना त्यांचा ना आपला.

संदेश पेरणाऱ्याच्या दाखल्यावर आहे, मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला. काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. पाळक विचारतात, "औंदा कोणाकोणाच्या कांद्याच्या रोपाला मर लागली?" निम्मे हात वर. मग बोलणं पुस्तकातून थेट शेतात येतं. वाफ्यात पाणी साचलं की रोप का पिवळं पडतं, हे समोर बसलेली माणसं पाळकांनाच सांगतात आणि पाळक ऐकून घेतात. शेवटी ते एक गोष्ट म्हणतात ती मला नवी आहे. दाखल्यातला माणूस वाट दिसली म्हणून मूठ आवळत नाही. तो सगळीकडे टाकत जातो. आपण मात्र आधी माणूस बघतो, मग हात पुढे करतो.

आणि आता ज्याची पोरं सकाळपासून वाट पाहताहेत ते: लिलाव. लोकांनी आणलेलं सगळं वेदीपाशी मांडलंय. सुपात नागली, पिशवीत इंद्रायणी तांदूळ, मक्याची कणसं, लाल भोपळा, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेली एक गावरान कोंबडी. एका कोपऱ्यात स्टीलचा छोटा डबा. पिंपळनेरच्या कांदा बाजारात या लोकांनी असंख्य लिलाव पाहिलेत. तिथे माल त्यांचा असतो आणि भाव दुसरा ठरवतो. इथे भाव ते स्वतः ठरवतात, आणि मुद्दाम चढवतात. मेथीची जुडी पन्नासला जाते. भोपळा दीडशेवरून अडीचशेवर.

मग तो डबा उघडतात. आत भुशात ठेवलेली पाच अंडी. कोणी आणलीत ते पाळक सांगत नाहीत, पण बायकांच्या बाजूला एक म्हातारी पदर तोंडाशी धरून खाली बघत बसलीय. बोली वीस रुपयांपासून सुरू होते. साठ. शंभर. मागून एक ट्रॅक्टरवाला दोनशे म्हणतो, डबा त्याला मिळतो. तो पैसे मोजून देतो आणि डबा परत टेबलावर ठेवतो, "पुन्हा लावा." पुन्हा बोली. या वेळी शिक्षक घेतात, तेही डबा परत ठेवतात. तीच पाच अंडी चार वेळा विकली जातात आणि म्हातारीच्या नावावर वहीत साडेसातशे रुपये मांडले जातात. या सकाळी मी पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट ही. आणणाऱ्याचं दान लहान दिसू नये म्हणून सगळ्या मंडळीने इतकं झटावं, हे दुर्मीळ आहे. मीही बोली लावतो आणि नागलीचं एक माप माझ्या वाट्याला येतं.

पैसे कशाला लागणार ते तिथल्या तिथे सांगितलं जातं: काही पत्र्यांच्या दुरुस्तीला, काही दवाखान्यातल्या आजींच्या बिलाला.

आशीर्वाद होतो. दारात पाळक प्रत्येकाचा हात हातात घेतात, मुलांचाही. बाहेर पंगत बसते: वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. मी निघतो म्हणतो, तर काका हात धरून बसवतात. "जेवीसन जा."

नाताळ आता महिन्यावर आलाय. साक्री, पिंपळनेर, नवापूर, धुळे, जळगाव, जिथे असाल तिथल्या चर्चमध्ये आजवर गेला नसाल तर एखाद्या रविवारी जा. ओळख असेल तर आधी वेळ विचारून घ्या, नसेल तर सरळ जाऊन मागे बसा. फोन बंद ठेवा, फोटो काढायचा तर परवानगी घ्या, सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा. न कळलेलं शेजाऱ्याला विचारा. आणि जेवायला थांबा म्हणाले तर थांबा.