राऊटर बदलण्याआधी त्याची मागची बाजू बघा

एप्रिल-मेमध्ये सांगलीत वळीव कडाडतो, लाईट दोन-चार वेळा जाते-येते, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरातला वायफायचा डबा मान टाकतो. पोरांचा अभ्यास, दुकानाचे हिशेब, पुण्यातल्या कंपनीचं घरून चालणारं काम, सगळंच त्या डब्यावर अवलंबून असल्यामुळे नवा आणायची घाई होते. या घाईत ऐकीव माहितीवर दोन-अडीच हजार रुपये जातात आणि नेट होतं तसंच राहतं. हे पैसे वाचू शकतात, म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

“डबा सारखा बंद-चालू होतोय, म्हणजे राऊटर गेला”

बऱ्याचदा बिघडलेला असतो तो अडॅप्टर. दोन-तीन वर्षं चोवीस तास तापत राहिलेल्या अडॅप्टरमधले कपॅसिटर कमकुवत होतात. मग डब्यावरचे दिवे लागतात, पण वायफायवर ताण आला की व्होल्टेज खाली येतं आणि डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अडॅप्टर हातात घेऊन त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘आऊटपुट’ या शब्दापुढे 12 व्होल्ट, 1 अँपिअर असं काहीतरी छापलेलं असेल. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कारण डबा त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो. 9 व्होल्टच्या डब्याला 12 व्होल्टची पिन अगदी नीट बसते, आणि तिथेच घात होतो. अशा वेळी दीड-दोनशे रुपयांत काम भागत असेल तर राऊटर कशाला बदलायचा?

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. वायर कुठेतरी तुटली, दुमडली किंवा उंदराने कुरतडली असेल. जगातला सर्वांत महाग राऊटर आणलात तरी तो लाल दिवा विझणार नाही. सरळ तक्रार नोंदवा.

विजेचं नुकसान वेगळं ओळखू येतं. काही गल्ल्यांत केबलवाले अजून गच्च्यांवरून तांब्याची लॅन केबल ओढून कनेक्शन देतात. वीज कडाडली की त्या तारेतून आलेला झटका डब्याचं ‘वॅन’ पोर्ट, म्हणजे नेट आत शिरायची जागा, जाळतो. बाकी दिवे मजेत लुकलुकत असतात, वायफायचं नावही फोनवर दिसतं, फक्त इंटरनेट नसतं. असा डबा मात्र खरोखर बदलायला झालेला असतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण फायबरवाल्यांच्या घरीही प्लगमधून झटका येऊ शकतो. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा.

“कुठलाही राऊटर आणला तरी चालतो”

सर्वांत जास्त पैसे या समजुतीपायी वाया जातात. डबा उलटा करून बघा, त्यात नेट कुठून शिरतं? बीएसएनएलचं ब्रॉडबँड 2005 मध्ये आलं ते टेलिफोनच्या तारेतून. त्या काळच्या डब्याला फोनची छोटी पिन लागायची आणि दुकानात आजही कधीकधी तसे ‘एडीएसएल’ राऊटर दिसतात. तुमच्या घरी फायबर असेल तर तो राऊटर फायबरशी जोडताच येणार नाही. फायबरच्या डब्यात बहुधा हिरव्या टोकाची, बोटाएवढी चौकोनी पिन खोचलेली असते. हा डबा म्हणजे ओएनटी. प्रकाशाचे संकेत नेटमध्ये बदलणं हे त्याचं मूळ काम असतं, आणि वायफाय ही त्यातच बसवलेली दुसरी सोय.

बाजारातल्या साध्या राऊटरला फायबरचं भोकच नसतं. शिवाय ओएनटीचा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याचा जुना ओएनटी आणून लावला तरी चालेलच असं नाही. म्हणजे फायबरच्या घरात नवा राऊटर ओएनटीच्या जागी येत नाही, त्याच्या पुढे जोडला जातो. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून एक केबल नव्या राऊटरच्या वॅन पोर्टात घालायची आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करायचं. घरी सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरगावाहून बघायचा असेल, तर कंपनीला ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून द्यायला सांगा आणि कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या. ते नको असेल तर नवा राऊटर ‘अॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये लावा. दोन डबे एकाच वेळी राऊटरचं काम करू लागले की अशा गोष्टी अडकतात.

डबा कंपनीने दिलेला असेल तर आधी त्यांनाच बदलून मागा. अनेक प्लॅनमध्ये तो कंपनीच्या मालकीचा असतो.

“नवा राऊटर आणला की स्पीड वाढतो”

स्पीड तुम्ही घेतलेल्या प्लॅनचा असतो. राऊटर फार तर तो अडवायचा थांबतो. म्हणून खरेदीआधी लॅपटॉप केबलने डब्याला जोडून स्पीड टेस्ट करा. केबलवरच नेट हळू असेल, तर दोष लाईनमध्ये आहे किंवा डब्याच्या पोर्टमध्ये.

इथे एक आकडा ओळखून ठेवा. प्लॅन 200 एमबीपीएसचा आहे, आणि टेस्ट पुन्हापुन्हा 93-94 वर येऊन थांबते आहे. अशा वेळी कंपनी फसवते आहे असं समजू नका. 100 एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात मिळतो तो जास्तीत जास्त एवढाच वेग. स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरांना आजही 100 चीच पोर्टं असतात आणि खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत 1200 लिहिलेलं असतं. तो 1200 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 यांची गोळाबेरीज. ती कागदावरची आहे, कारण तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि तिथेही छापील वेगाच्या निम्मा-अर्धाच हाती लागतो. कधीकधी पोर्ट चांगलं असतं, पण केबलच्या आठ तारांतली एखादी तुटलेली असते, तरी वेग 100 वर उतरतो. म्हणून केबल एकदा बदलून बघा, आणि खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द शोधा. अँटेना त्यानंतर मोजा.

“जितके अँटेना, तितकी रेंज”

वायफाय चालतं ते परवानामुक्त लहरींवर. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये मोकळा झाला, 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर 2018 मध्ये. किती शक्तीने प्रक्षेपण करायचं याची मर्यादा त्या नियमांतच आहे. दोन अँटेनावाल्यालाही तीच आणि आठवाल्यालाही तीच. जास्त अँटेना असतात ते एकाच वेळी जास्त धारांनी माहिती पाठवण्यासाठी, आणि बहुतेक फोन दोनच धारा घेऊ शकतात. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. राऊटरचा आवाज मागच्या खोलीत पोचला तरी फोनचा बारीक आवाज परत यायला हवा.

रेंज मारतात त्या भिंती. गावभागातल्या जुन्या घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पलीकडे जाते. वर आरसीसीचा स्लॅब किंवा पत्रा, मध्ये लोखंडी कपाट, असं असेल तर आणखी कठीण. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ, पण शेजाऱ्यांची दहा-बारा वायफाय एकमेकांत मिसळलेली. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. तिथे 5 गिगाहर्ट्झच बरं.

फायबर बसवणारा माणूस डबा बहुधा खिडकीपाशी किंवा टीव्हीच्या मागे ठोकून जातो, कारण तिथे वायर संपते. त्याला थांबवा आणि घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर लावायला सांगा. फुकटात होणारी ही सुधारणा पुष्कळदा नव्या राऊटरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तरीही मागची खोली कोरडी राहत असेल तर लोक रेंज एक्स्टेंडर घेतात. साधा एक्स्टेंडर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा एक केबल मागे ओढा आणि जुना चालू राऊटर तिथे अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. वाड्यासाठी किंवा दुमजली घरासाठी मला याहून चांगला आणि स्वस्त उपाय दिसत नाही.

“5जी राऊटर घ्या”

वायफायच्या नावापुढचं ‘5जी’ म्हणजे 5 गिगाहर्ट्झ. ऑक्टोबर 2022 मध्ये देशात सुरू झालेल्या मोबाईलच्या 5जीशी त्याचा संबंध नाही. आणि 2.4 बंद करू नका. घरातले बरेच वायफाय कॅमेरे, स्मार्ट बल्ब, प्लग फक्त तोच पट्टा जाणतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून महागडा राऊटर मागवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तिथे वायफायसाठी 6 गिगाहर्ट्झचा संपूर्ण पट्टा 2020 मध्येच मोकळा झाला, तर आपल्याकडे त्याच्या खालच्या 500 मेगाहर्ट्झपुरता नियमांचा मसुदा मे 2025 मध्ये निघाला. तिथली सेटिंग आणि तिथली वॉरंटी इथे कामाची नाही.

“चालतोय ना, मग कशाला बदलायचा?”

इथे मी उलट बाजूने बोलेन. 2018 मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने 54 देशांतले किमान पाच लाख राऊटर आणि तत्सम यंत्रं काबीज केली होती. वापरणाऱ्यांच्या घरी दिवे नेहमीसारखेच लागत होते. बनवणाऱ्या कंपनीने अपडेट देणं बंद केलेला राऊटर चालू असला तरी बदलावा. वायफायच्या सुरक्षेसाठी कमीत कमी डब्ल्यूपीए2 हवं, आणि नवा घेताना डब्ल्यूपीए3 असलेलाच घ्यावा. कोणताही असो, डब्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा ‘अॅडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. घरातल्या यंत्रांत काही शिरल्याचा संशय आला तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची कॉम्प्युटर आणि फोन तपासायची साधनं मोफत आहेत.

मुलांसाठी ठरावीक वेळी नेट बंद करण्याची सोयही नव्या राऊटरांत मिळते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची प्रथा पाडली. ज्या घरांना गावासारखं एकत्र ठरवता येत नाही, त्यांनी राऊटरमध्ये वेळ लावून ठेवावी.

माझ्या मते इथल्या बहुतेक घरांना दोन पट्ट्यांचा, गिगाबिट पोर्टांचा, वायफाय 6 आणि डब्ल्यूपीए3 असलेला मध्यम किमतीचा राऊटर पुरतो. दुकानात जाताना जुन्या डब्याच्या मागच्या बाजूचा आणि अडॅप्टरवरच्या अक्षरांचा फोटो सोबत न्या, प्लॅन किती एमबीपीएसचा ते सांगा आणि पक्कं बिल घ्या. जुना डबा कुणाला देणार असाल तर मागचं रिसेटचं बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, कारण तुमच्या वायफायचा आणि कनेक्शनचा पासवर्ड अजून त्यात आहे.