विकलेली गाडी ट्रेलरवर चढण्याआधी

जुन्या गाडीचा व्यवहार आता गावापुरता राहिलेला नाही. पुण्यातली एमएच 12 पासिंगची हॅचबॅक बंगळुरूतलं कुणी व्हिडिओ कॉलवर पसंत करतं, पैसे पाठवतं आणि गाडी न्यायला ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस येतो. किल्ली घेणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा आणि आरसीवर नाव अजून विकणाऱ्याचंच. या मधल्या दिवसांतच विकणारा सगळ्यात जास्त उघड्यावर असतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक हातांत फिरली होती. तरीही 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकावरच टाकली. म्हणून गाडी धुऊनपुसून ठेवण्याइतकंच काळजीपूर्वक कागदांकडे पाहायला हवं.

पैसे आधी, किल्ली नंतर

पूर्ण रक्कम स्वतःच्या खात्यात जमा झालेली दिसल्याशिवाय गाडी उचलू देऊ नका. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या ॲपमधली शिल्लक पाहा. 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे.

‘चुकून जास्त पैसे पाठवलेत, त्यातले ट्रान्सपोर्टवाल्याला द्या’ असं कुणी म्हणालं, तर व्यवहार तिथेच थांबवा. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगणारा तुमचे पैसे काढून घेतोय, हे ओळखा.

कागद पक्के करा

गाडी परराज्यात जात असेल तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म 28. विक्रीची सूचना देणारा फॉर्म 29 आणि नावावर करून घेण्याचा फॉर्म 30 हेही लागतात. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो आधी उतरवून घ्या. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेल्या ठशाच्या दोन-चार प्रती जास्तीच्या काढा. एकदा गाडी गेली की ठसा घ्यायला ती समोर नसते.

सह्या करून कोऱ्या ठेवलेल्या फॉर्मची चळत डॅशबोर्डच्या खणात टाकून देण्याची पद्धत धोक्याची आहे. खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारीख स्वतः भरा, सगळ्याचे फोटो काढा आणि मूळ कागद स्पीड पोस्टने पाठवा. गाडीत आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या झेरॉक्स पुरतात.

गाडीची तयारी

ट्रेलरवर गाडी चाकांना पट्टे आवळून बांधतात. टायरमध्ये हवा कमी असेल तर वाटेत पट्टे सैल पडतात, म्हणून हवा कंपनीने सांगितल्याइतकी भरून घ्या. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त इंधन ठेवू नका. चढवायला-उतरवायला तेवढं पुरतं, वजन कमी राहतं आणि आगीचा धोकाही घटतो. सीएनजीची किंवा विजेवरची गाडी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

बॅटरी धडधाकट हवी. ती उतरली तर गाडी ढकलत चढवावी लागते आणि त्यातच बंपर घासतो. टोइंगचा हुक, जॅक आणि स्टेपनी जागेवर असल्याची खात्री करा. छतावरचा कॅरियर काढा, अँटेना निघत असेल तर तीही काढून आत ठेवा. गाडीत घरचं सामान भरून देऊ नका. त्याची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही.

गाडीतली स्वतःची खूणही पुसा. स्क्रीनमध्ये साठलेले फोन नंबर आणि घराचा पत्ता, डॅशकॅमचं मेमरी कार्ड, मोबाइलमधल्या ॲपशी असलेली जोडणी, सगळं काढा. फास्टॅग काचेवरून काढा आणि तो देणाऱ्या बँकेला बंद करायला सांगा, नाहीतर पुढचे टोल तुमच्या खात्यातून जातील.

धुतल्यावर फोटो

धुळीखाली जुने ओरखडे लपतात आणि नंतर तेच वादाला कारण होतात. आधी गाडी धुवा, मग दिवसाउजेडी फोटो काढा: चारही बाजू, छत, चारही चाकं, काचा, बंपरची खालची कड आणि किलोमीटरचा आकडा.

ड्रायव्हरकडे बहुधा गाडीच्या आकृतीचा छापील कागद असतो. तो गाडीभोवती फिरून ओरखड्यांवर खुणा करतो, तेव्हा त्याच्यासोबत फिरा. ‘डाव्या मागच्या दारावर बोटभर चरा, समोरच्या काचेवर उजवीकडे खडा लागलेला’ इतक्या नेमकेपणाने लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या होऊ द्या.

बिल्टी नीट वाचा

वाहतूकदार देतो ती बिल्टी, म्हणजेच एलआर. तिच्यावर गाडीचा आणि चेसिसचा नंबर, पाठवणारा, घेणारा, ट्रकचा नंबर आणि गाडीची जाहीर किंमत हवी. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार जादा जोखमीचा दर ठरवून भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. भाडं 12,000 रुपये असेल तर कमाल 1 लाख 20 हजार. गाडी पाच लाखांची असली तरी तेवढेच. म्हणून वाटेतल्या नुकसानीचा विमा कोण काढणार हे खरेदीदाराशी आधीच ठरवा. नुकसान झालंच तर दावा लावण्याआधी बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

गाडी देताना ताबा पावती करा. त्यात तारीख, वेळ, किलोमीटर, किल्ल्या किती दिल्या आणि कुणाला दिल्या, हे लिहा. कोणत्या कंपनीचा कोण माणूस येणार, हे खरेदीदाराकडून आधी लेखी मागवून घ्या आणि आलेल्या ड्रायव्हरचं ओळखपत्र त्याच्याशी ताडून पाहा.

गाडी गेल्यावर

परराज्यातल्या विक्रीत ना-हरकत प्रमाणपत्र 45 दिवसांत आरटीओकडे पोचवणं विकणाऱ्याचं काम आहे; राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत कळवायचं असतं. नाव बदलेपर्यंत विमा रद्द करू नका. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो.

गाडी पोचल्याचा खरेदीदाराचा निरोप आला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं एम-परिवहन ॲपवर दिसतं. तिथे मालकाचं नाव बदलेपर्यंत पंधरा दिवसांनी एकदा पाहत राहा, खरेदीदाराला आठवण करा आणि बिल्टी, पावती व फोटो एकाच फाइलमध्ये जपून ठेवा.