अंतरपाट आणि पुस्तकाचे पान

लग्न म्हणजे काय, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही, अशी आपली एक जुनी समजूत आहे. दारातला मांडव, घाणा भरणाऱ्या सुवासिनी, मुसळाला बांधलेली आंब्याची पाने, हळदीने माखलेले अंगण, हे सारे पाहातच ज्या पिढ्या वाढल्या त्यांच्यापुरती ती खरीही होती. आज आपल्या वसई-विरारमधले लग्न बहुधा हॉलमध्ये चार तासांत उरकते आणि मुलांचा वेळ आइस्क्रीमच्या रांगेत जातो. तेव्हा हे विधी चित्रपुस्तकांतून मुलांपर्यंत न्यावेत ही कल्पना मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. प्रश्न आहे तो चित्र कोणते काढावे, हा.

मुलांच्या हाती आजवर कोणती लग्ने आली? १९६७ साली सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'ने पुराणातली स्वयंवरे घराघरांत नेली. पण स्वयंवर म्हणजे माळ, आणि माळ घातली की लग्न झाले, असाच मुलांचा ग्रह होतो. मराठी मुलांच्या ओळखीचा दुसरा लग्नप्रसंग म्हणजे 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या समर्थ रामदासांच्या आख्यायिकेतला. लग्नाची ओळख पळून गेलेल्या नवरदेवापासून व्हावी, ही आपल्या बालवाङ्मयाची एक गंमतच म्हणायची!

वास्तविक आपल्या विधींइतके चित्रपुस्तकाला सोयीचे दुसरे काही नसेल. अंतरपाटच घ्या. डाव्या पानावर वधू, उजव्या पानावर वर, आणि मध्ये एक उभे अर्धे पान. मंगलाष्टके संपली की मुलानेच ते पान उलटायचे. पडदा का धरला, हे मग समजावून सांगावे लागत नाही. होमात लाह्या पडताना वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, ते पान तर मुले पुन्हापुन्हा काढतील. सप्तपदीला सात पाने द्यावीत. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातवे पाऊल सख्याचे. गृह्यसूत्रकारांनी शेवटचे पाऊल मैत्रीसाठी राखले, हे मोठ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे १९५५ चा हिंदू विवाह कायदाही सांगतो.

पण मला अधिक जवळचे वाटते ते आपल्याच जिल्ह्यातले चित्र. वारली चित्रे आज कपांवर, पडद्यांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतात आणि शाळेत मुले दोन त्रिकोण जोडून माणूस काढायला शिकतात. या चित्राचे मूळ लग्नात आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. लग्नघरी शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती झाडे आणि माणसे. चौकावाचून लग्न लागत नाही. आणि लग्न लावते कोण? धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत विधी चालवणारी स्त्री. चित्र काढणारी बाई आणि पौरोहित्य करणारीही बाई, ही गोष्ट कोणत्याही चित्रपुस्तकात सांगण्यासारखी नाही काय?

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी १९७० नंतर हे चित्र भिंतीवरून कागदावर आणले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कलेला जग मिळाले खरे, पण त्यात लग्न मागे राहिले. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये वारली कलावंतांकडून मुलांसाठी 'डू!' हे पुस्तक करून घेतले. वारली रेषा बालपुस्तकात रुळते, हे त्याने दाखवलेच आहे.

एक अडचण येथे मांडली पाहिजे. वारली लग्नाला हिंदू लग्नांच्या यादीत सरळ बसवणे मला प्रशस्त वाटत नाही. ती अनुसूचित जमात आहे, वरचा १९५५ चा कायदा तिला आपोआप लागू होत नाही, तिची रूढी तिची स्वतःची आहे. पुस्तकात ती शेजारी म्हणून यावी, पाहुणी म्हणून नव्हे. आपल्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतले उंबराचे पाणीही त्याच न्यायाने यावे. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांच्या घरची लग्ने एकाच पुस्तकात भेटली तर बिघडले कुठे?

आणखी एक. वधूवरांना बाहुला-बाहुलीसारखे गुबगुबीत, बाळमुखी काढण्याची आपल्या चित्रकारांची खोड मला खटकते. नवरी अठरा वर्षांची आणि नवरा एकवीसचा तरी दिसलाच पाहिजे. लहान मूल चित्रालाच प्रमाण मानते. कन्यादानाचे पान ठेवावे की नाही, यावर आमच्या मैत्रिणींत दोन तट पडले. माझे मत असे की ठेवावे, पण मुलीचा चेहरा त्यात पाठमोरा नसावा. 'दान म्हणजे द्यायचे, मग ताईला का देतात?' असे एखाद्या मुलीने विचारले तर वाचून दाखवणाऱ्या आईने पान घाईने उलटू नये.

आणि चौकाचे पान पाड्यावरच्या एखाद्या सुवासिनीनेच काढावे, मुखपृष्ठावर तिचे नाव छापून.