सरकारदरबारी (14) : सोमवारी दुपारी 3 ते 5

दुसऱ्या अपिलाचा विषय या आठवड्यात घेईन असं म्हणालो होतो, पण तो पुढे ढकलतो आहे. मधल्या काळात सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यांना आधी उत्तर द्यायला हवं असं वाटलं. ते एका छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत राहतात. त्यांच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता मंजूर झाला, नारळ फुटला, फलक लागला आणि मारुतीच्या देवळापर्यंत येऊन काम थांबलं ते थांबलंच. देवळापुढची घरं अजून चिखलात आहेत. त्यांनी आपल्या लेखमालेतला नमुना समोर ठेवून माहिती अधिकाराच्या अर्जाचं जोडपत्र ‘अ’ भरलं, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि विचारलं : ‘रस्ता देवळापर्यंतच का केला? पुढचं काम का सोडलं?’ महिना संपता संपता उत्तर आलं, ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘मत द्यायच्या दिवशी आम्ही राजे. विचारायला गेलो की आम्ही कोणीच नाही. मग या कायद्याचा उपयोग काय?’

हे उत्तर वाचून ज्याचा संताप होणार नाही असा माणूस विरळाच. तरीही ते कायद्याला सोडून नाही, आणि हे कडू सत्य आपण नीट समजून घेतलं तरच पुढची वाट सापडते. माहिती अधिकार कायद्याने आपल्याला मिळतं ते कार्यालयाच्या दप्तरात आधीपासून असलेलं : नोंद, कागद, आदेश, शेरा, अहवाल. अधिकाऱ्याने नव्याने बसून कारणं लिहून द्यावीत, अशी सक्ती कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये हे स्पष्ट केलं आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात तीच भूमिका घेतली. त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, हे मात्र माहिती नाकारणारे अधिकारी सहसा सांगत नाहीत. म्हणजे विचारून कारण मिळणार नाही, पण कागद पाहायला मिळेल. आणि साताऱ्याच्या त्या रस्त्याचं कारण बहुधा कागदावर लिहिलेलं आहे.

कुठे, तर फाइलच्या टिपणीच्या बाजूला. सरकारी फाइल उघडली की तिचे दोन भाग दिसतात. एका बाजूला पत्रव्यवहार : आलेली पत्रं, गेलेली पत्रं, अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, बिलं. दुसऱ्या बाजूला टिपणी. तिथे लिपिक विषय मांडतो, नियम काय म्हणतो ते लिहितो, ‘मान्यतेस्तव सादर’ म्हणून सही करतो. मग कनिष्ठ अभियंता, लेखापाल, मुख्याधिकारी असे एकाखाली एक शेरे येतात. कोणी सहमती दिली, कोणी शंका काढली, कोणाकडे फाइल किती दिवस पडून राहिली, सगळं तारखेसकट. ‘चर्चा करावी’ हा दोन शब्दांचा शेरा दिसला की तिथे थांबा आणि त्याच्या आधीचं व नंतरचं पान लक्ष देऊन वाचा. मी इतकी वर्षं फाइली वाचतो आहे, निर्णयाने वळण घेतलेलं असतं ते बहुतेक वेळा या शेऱ्याच्या आसपास.

टिपणीचं मोल सरकारला आपल्याआधी कळलं होतं. कायदा ऑक्टोबर 2005 मध्ये लागू झाला आणि वर्षही उलटलं नव्हतं, तोच जुलै 2006 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने टिपण्या माहितीच्या व्याख्येबाहेर काढणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. म्हणजे निर्णय दाखवायचा, पण तो कसा झाला ते झाकायचं. देशभर धरणी झाली, उपोषणं झाली, अण्णा हजारे आळंदीत उपोषणाला बसले आणि ऑगस्टमध्ये सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली. सामान्य माणसाच्या रेट्याने दिल्लीला माघार घ्यावी लागली, असे प्रसंग फार नाहीत. हा त्यातला एक, आणि त्याची आठवण आपण ठेवत नाही याची मला खंत वाटते.

आता टिपणी पाहायची कशी? अर्जात ‘अमुक कामाच्या संपूर्ण फाइलची, टिपणीसह, पाहणी करायची आहे’ असं लिहिता येतं. कायद्याच्या कलम 2 मध्ये पाहणीचा हक्क सरळ लिहिलेला आहे आणि पहिल्या तासाला शुल्कही नाही. पण महाराष्ट्रात याहून सोपी वाट आहे आणि आजचा सगळा लेख मला तिच्यावरच खर्च करायचा आहे. पुणे महापालिकेत कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना फाइली पाहू देण्याचा पायंडा पडला. राज्य सरकारने 26 नोव्हेंबर 2018 रोजी शासन निर्णय काढून तोच नियम जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना लागू केला. हेतू उघड होता : माणसाने येऊन कागद पाहिला, तर अर्ज, पहिलं अपील, दुसरं अपील ही साखळीच सुरू होत नाही. तीस दिवसांची वाट नाही, माहिती आयोगाकडे तुंबलेल्या रांगेत उभं राहणं नाही. टेबल, खुर्ची, फाइल आणि दोन तास.

या दोन तासांत काय हाती लागतं ते एका प्रसंगावरून सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या एका गावात नवा काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. तिथल्या चार-पाच जणांबरोबर मी सोमवारी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात गेलो. आमच्यात एक निवृत्त ओव्हरसियर होते. फाइल समोर आली, पण त्यांनी ती बाजूला सारली आणि आधी एम.बी. मागितली. एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. झालेल्या कामाची मापं अभियंता त्यात लिहितो आणि त्या मापांवर बिल निघतं. पानांना क्रमांक असतात. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर तो वाचता येईल असा खोडून शेजारी सही करायची. लांबी, रुंदी, जाडी, परिमाण असे रकाने. ओव्हरसियर जाडीच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली गेले. 0.15, 0.15, 0.15. म्हणजे सगळीकडे बरोब्बर 15 सेंटीमीटर. पुस्तिका आमच्याकडे वळवून ते म्हणाले, ‘जमिनीवर ओतलेलं काँक्रीट कुठे चौदा भरतं, कुठे सोळा. दर मापाला इतकं तंतोतंत येत नसतं. ही मापं खुर्चीत बसून लिहिलीत.’

मग फाइल उघडली. कार्यादेशात दोष दायित्व कालावधी 3 वर्षांचा होता, म्हणजे तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. पुढे टिपणी. रस्ता उखडल्याच्या तक्रारीवर एका लिपिकाने लिहिलं होतं की काम दोष दायित्व कालावधीत असल्याने ठेकेदाराला नोटीस द्यावी. त्याखाली वरिष्ठांचा शेरा, ‘चर्चा करावी’. आणि त्यानंतर त्याच रस्त्याच्या दुरुस्तीचं नवं अंदाजपत्रक, नगरपरिषदेच्या पैशातून, मंजुरीसाठी तयार! नोटीस गेल्याची नोंद फाइलमध्ये कुठेही नव्हती. आम्ही 2 रुपये पानाप्रमाणे प्रमाणित प्रती घेतल्या. पुढची सभा जवळ होती. त्या सभेआधी प्रती सगळ्या सदस्यांच्या हातात पडल्या आणि दुरुस्तीचा विषय पटलावरून काढला गेला. ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यायला पुढे बराच काळ भांडावं लागलं, पण लोकांचा पैसा दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात गेला नाही.

त्या दुपारपासून मी एक गोष्ट प्रत्येकाला सांगतो. सरकार म्हणून आपण ज्याच्यावर चिडतो, त्याच्या पोटात असे लिपिक आहेत. नोटीस द्यावी असं लिहिणाऱ्या त्या लिपिकाला मी कधी भेटलो नाही. त्याने नियम बरोबर लिहिला, खाली तारीख घातली, सही केली. त्याचं कोणी ऐकलं नाही, पण त्याचं म्हणणं फाइलमध्ये राहिलं. नागरिकांनी टिपणी वाचली तरच अशा माणसाच्या सहीला अर्थ येतो. टिपण्या उघड झाल्या तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत, असा युक्तिवाद 2006 मध्ये झाला होता. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला सरळ काम करायचं आहे, त्याला उद्या हे पान कोणीतरी पाहील याचा आधारच वाटतो.

एक उपविषय ओघाने आलाच आहे तर सांगतो, कारण तो मला अतिशय प्रिय आहे. कलम 2 मध्ये कागदांबरोबर ‘कामाची’ पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. चालू असलेल्या रस्त्यावरची खडी, वाळू, सिमेंट यांचा नमुना तुम्ही रीतसर मागू शकता, अधिकाऱ्यासमोर तो बंद करून घेऊ शकता आणि प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकता. कायद्याचा हा भाग वापरणारे फार थोडे भेटतात. काम सुरू असतानाच वापरला तर नंतरची निम्मी भांडणं टळतील.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली आहे तिच्याकडे येतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा नेमकं काय झालं? अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवलेली हजेरीपटांची आणि बिलांची माहिती गावासमोर मोठ्याने वाचली गेली. लोक ऐकत होते आणि ओळखत होते : हा तर मेलेला माणूस, हा गाव सोडून गेलेला, ही कधी कामावर गेलीच नाही. भ्रष्टाचार सापडला तो नावांमुळे. पुढे 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं आणि त्या मागणीतून आजच्या कायद्याचा पाया घातला गेला. आता तीच नावं झाकायची सोय झाली आहे. पूर्वी कलम 8(1)(ञ) खाली खासगी माहिती नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा तिने माणसाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे अधिकाऱ्याला दाखवावं लागे. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारता येणार नाही, असं सुंदर परंतुक तिथे होतं. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने हे सगळं पुसून टाकलं. नोव्हेंबर 2025 मध्ये ती दुरुस्ती अमलात आली. आता व्यक्तिगत माहिती आहे एवढं म्हणणं पुरतं. टिपणीवर सही करणाऱ्याचं नाव, हजेरीपटावरचा मजूर, घरकुलाच्या यादीतला लाभार्थी, सगळं त्या छत्राखाली ढकलता येईल.

याआधी 2019 मध्ये माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. कायद्यातली पाच वर्षांची मुदत त्यातच गेली. संसदेत या दुरुस्त्या झाल्या त्या वेळी 2006 सारखा देश रस्त्यावर उतरला नाही. आपण दमलो आहोत, हे मला कळतं. पण कलम 8(2) अजून शाबूत आहे : लोकहित मोठं असेल तर अपवादात मोडणारी माहितीसुद्धा देता येते. यापुढे व्यक्तिगत माहितीचं कारण देऊन नकार आला, तर अपिलात पहिलं वाक्य 8(2) चं लिहा आणि लोकहित कोणतं ते दोन ओळींत नेमकं सांगा. आणि सोमवारी जा. दप्तर पाहायला येणाऱ्यांची वर्दळ असलेल्या कार्यालयात ते झाकून ठेवणं अवघड जातं.

दुःख हे की माणसं जातच नाहीत. करोनाच्या काळात अनेक ठिकाणी हे दोन तास बंद पडले, आणि पुढे कुणी मागणीच केली नाही म्हणून फलकही उतरले. परवा एका कार्यालयात विचारलं तर समोरच्या कर्मचाऱ्याला असा काही शासन निर्णय आहे हेच माहीत नव्हतं. मी प्रत काढून दिली. त्यांनी ती वाचली, फाइल मागवली, बसायला जागा करून दिली. म्हणून सांगतो, 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाची छापील प्रत खिशात असू द्या.

साताऱ्याच्या वाचकांसाठी : येत्या सोमवारी नगरपरिषदेत जा. कामाचं नाव फलकावरून जसंच्या तसं उतरवून न्या. अंदाजपत्रकात रस्त्याची लांबी किती ते पाहा, एम.बी. मध्ये किती मीटर मोजले ते पाहा. दोन्ही जुळत असतील तर मंजुरीच देवळापर्यंतची होती आणि भांडण सभागृहाशी आहे. जुळत नसतील तर टिपणी उघडा आणि उरलेले मीटर कुठे गेले ते शोधा. एकटे जाऊ नका, गल्लीतल्या दोघांना बरोबर घ्या. पानांचे क्रमांक टिपून ठेवा आणि निघताना भेटीची नोंद तिथल्या नोंदवहीत करून घ्या. फाइल नाकारली तर तो नकार लेखी मागा. तोही द्यायला तयार नसतील तर त्याच दिवशी पाहणीचा रीतसर अर्ज आवक-जावक टेबलावर देऊन पोच घ्या. बाकीच्या वाचकांनी आपापल्या नगरपालिकेत सोमवारचा फलक आहे की नाही एवढं पाहून कळवावं. गावांची नावं आली की यादी इथेच छापतो. दुसरं अपील पुढच्या आठवड्यात.