गोळी चहात, साखर प्लेटीत

वसमतच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात सकाळी बसलं की हे हमखास बघायला मिळतं. एखादे काका आत येता येताच "एक बिनसाखरेचा" म्हणून सांगतात. चहा आला की खिशातून छोटीशी डबी काढायची, बटण दाबून दोन बारक्या गोळ्या कपात पाडायच्या आणि ढवळायचं. तोवर मुरमुऱ्यांच्या सुशीलाची वाफाळती प्लेट येते. ती संपली की आणखी अर्धी. महिन्यानं तपासणीत शुगर वाढलेली निघते तेव्हा काका म्हणतात, "त्या गोळ्यांचा काही उपयोग नाही बघा."

गोळीची बाजू घ्यावी असं मला नेहमी वाटतं. तिनं तिचं काम चोख केलेलं असतं. ते काम किती लहान आहे, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

आधी साखरेचं बघू. उसातून निघणाऱ्या साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही जोडी हातात हात घालून असते. लहान आतड्यातलं एक विकर ही जोडी तोडतं आणि सुटा झालेला ग्लुकोज थेट रक्तात उतरतो. निरोगी माणसाचं इन्सुलिन त्याला पेशींत पोचवतं. मधुमेहात इन्सुलिन अपुरं पडतं किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत, म्हणून ग्लुकोज रक्तातच साचून राहतो. गूळही बहुतांशी हीच साखर असल्यानं "गुळाचा चहा चालतो" ही निव्वळ समजूत आहे.

आता गोळी. गोडपणा कळतो तो जिभेवरच्या ग्राही रेणूंमुळे. त्यांच्या कुलपात साखर बसते, तशी दुसरीही काही रसायनं बसतात, आणि साखरेपेक्षा कितीतरी घट्ट बसतात. ॲस्पार्टेम साखरेच्या साधारण 200 पट गोड, सुक्रालोज 600 पट. त्यामुळे चमचाभर साखरेचं काम काही मिलीग्रॅममध्ये भागतं. जिभेची समजूत निघते, पण रक्तात जायला ग्लुकोज नसतोच.

सुक्रालोजची जन्मकथा तर मराठी माणसानं ऐकावीच अशी आहे. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडण्याचे प्रयोग करत होते. तयार झालेली पूड तपासायला सांगितलं गेलं आणि फडणीसांनी ऐकलं, चाखायला सांगितलंय. त्यांनी ती खरोखर जिभेवर ठेवली! इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोन्ही 'टेस्ट' असेच लिहितो, तेव्हा त्यांना कोण हसणार? साखरेच्या रेणूवरच्या तीन जागी क्लोरीन बसला की आतड्यातल्या विकराला तो रेणू तोडता येत नाही. त्यातला बराचसा जसा आला तसाच बाहेर पडतो.

ॲस्पार्टेमचं वेगळं आहे. ते पचतं, पण मात्रा इतकी अल्प की साखरेवर परिणाम होत नाही. ते फार उकळलं की मोडतं आणि गोडी जाते, म्हणून ती गोळी चहा उतरवल्यावरच टाकावी. फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असणाऱ्यांनी ते घेऊ नये.

आता काकांचा हिशेब करू. दोन गोळ्यांनी दोन चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर वाचवली. सुशीला मुरमुऱ्यांची. पन्नास ग्रॅम मुरमुऱ्यांत 40 ग्रॅमहून जास्त पिष्ट असतं, आणि फुललेल्या तांदळाचं पिष्ट झटकन ग्लुकोज होतं. जिभेला तिखट-आंबट लागतं, रक्ताला गोडच. एकादशीच्या साबुदाण्याचं गणित याहून वेगळं नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतःच पडताळा घ्या: एक दिवस नुसता गोळीचा चहा, दुसऱ्या दिवशी तोच चहा आणि सुशीला, आणि दोन्ही वेळा आधी व दोन तासांनी तपासणी.

दुकानातल्या 'शुगर फ्री' बिस्किटांची आणि पेढ्यांची गत तीच. साखर नसेल, पण मैदा आहे, खवा आहे. काहींत माल्टिटॉल असतं. ते साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतंच. पाकिटाच्या पुढच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचावीत, त्यातही एकूण कर्बोदकांची ओळ.

गोळ्यांची भीती कितपत बाळगावी? जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ॲस्पार्टेम 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' या गटात टाकलं. तिथे पुरावा मर्यादित असतो. दिवसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 40 मिलीग्रॅम ही मर्यादा मात्र तशीच राहिली. साठ किलोच्या माणसाला ती 2400 मिलीग्रॅम पडते आणि एका गोळीत असतं सुमारे 18. इतका चहा वसमतच्या हॉटेलातही कुणी पीत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेनं वजन कमी करण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत असं सुचवलं. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. 2022 मध्ये 120 निरोगी माणसांवरच्या एका अभ्यासात सॅकरिन आणि सुक्रालोजनं दोन आठवड्यांत काहींचा साखर पेलण्याचा प्रतिसाद बिघडलेला दिसला. आतड्यातल्या जिवाणूंमुळे असावा. तो विषय अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर गोळी ही कुबडी आहे. दर पंधरा दिवसांनी एक गोळी कमी करत फिक्या चहाची सवय लागली, तर उत्तमच.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. हळद काढणीच्या दिवसांत सकाळी इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन माणूस रानात जातो आणि जेवण लांबतं. मग घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर 70 च्या खाली गेली की लगेच तीन चमचे खरी साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग जेवायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. अशा वेळी गोळीचा गोड चहा काहीच कामाचा नाही, तिच्यात ग्लुकोजच नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल, तर डबीच्या शेजारी खिशात साखरेची एक पुडीही असू द्या.