मोटारीतील ध्वनियंत्रणा आणि मंदावणारे दिवे : खानदेशातील रात्रप्रवासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांत लग्नसराई आणि कडक उन्हाळा एकाच वेळी येतात. ऊन टाळण्यासाठी वऱ्हाडाच्या गाड्या रात्री परततात व त्यांत अहिराणी गाणी मोठ्या आवाजात वाजत असतात. वूफरचा ठोका पडला की रस्त्यावरील प्रकाश क्षणभर मंदावतो. काही हौशी चालकांना यात भूषण वाटते. वस्तुतः ते वीज अपुरी पडत असल्याचे लक्षण होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार पुढील दिव्यांच्या प्रकाशात १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसणे अपेक्षित आहे.

कारणमीमांसा :
इंजिन चालू असताना आल्टरनेटर सुमारे १४ व्होल्ट दाब राखतो. केवळ बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. ५०० वॅटचा (प्रत्यक्षातील, खोक्यावर छापलेला आकडा नव्हे) अँप्लिफायर ६० टक्के कार्यक्षमतेने चालल्यास पूर्ण ठोक्याला सुमारे ८३० वॅट, म्हणजे साधारण ६० अँपिअर प्रवाह ओढतो. इंजिन मंदगतीने फिरत असता लहान मोटारीचा आल्टरनेटर एवढा प्रवाह देऊ शकत नाही. तूट बॅटरीतून भरून निघते आणि दाब उतरतो. हॅलोजन दिव्याचा प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घातानुसार बदलतो. त्यामुळे दाब १४ वरून १२.६ व्होल्ट झाला, म्हणजे केवळ १० टक्क्यांनी घटला, तरी प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत असल्याने १५५ मीटरवरील वस्तू तितक्याच उजेडात दिसण्यासाठी सुमारे १३० मीटरवर यावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगात हे २५ मीटर म्हणजे दीड सेकंद. मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली समोर असता हा दीड सेकंद निर्णायक ठरतो.

उपाययोजना :
खर्च करण्यापूर्वी मोजमाप आवश्यक आहे. गाणे चालू ठेवून प्रथम बॅटरीच्या टोकांवर व नंतर दिव्याच्या जोडणीवर मल्टिमीटर लावावा. बॅटरीवर दाब स्थिर, परंतु दिव्यावर उतरत असेल तर दोष वायरिंगमध्ये वा अर्थिंगमध्ये असतो. गंजलेली टोके घासून स्वच्छ करणे, इंजिन व बॅटरीपासून चॅसीपर्यंतची अर्थिंगची वायर जाड करणे आणि दिव्यांना रिलेमार्फत थेट बॅटरीवरून वीज देणे, एवढ्याने बहुतेकदा काम भागते. बॅटरीवरच दाब कोसळत असेल तर पट्ट्याचा ताण, आल्टरनेटर व बॅटरी तपासावी. खानदेशातील उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. सर्व काही ठीक असूनही दाब उतरत असेल, तर अधिक क्षमतेचा आल्टरनेटर बसवणे अथवा आवाज कमी करणे हे दोनच मार्ग उरतात.

दुकानांतून सुचविला जाणारा १ फॅरडचा कपॅसिटर मात्र फारसा उपयोगी नाही. दाब १४ वरून १२.५ व्होल्टपर्यंत उतरताना तो जेमतेम २० ज्यूल ऊर्जा देतो. ८३० वॅटच्या मागणीला ती सेकंदाच्या चाळिसाव्या भागापुरतीच पुरते. एलईडी दिवे बसविल्यास प्रकाश मंदावताना दिसत नाही, कारण त्यांतील नियंत्रक प्रवाह स्थिर राखतो. परंतु बॅटरीवरील ताण तसाच राहतो. अँप्लिफायरच्या मुख्य वायरला बॅटरीलगतच फ्यूज असावा. अन्यथा वायर चॅसीला घासल्यास आग लागू शकते.